आधी वजनकाटा, मग विंग

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात पायलटच्या जोडीने टँडम पॅराग्लायडिंग केलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाही. ऑफिसातला एक सहकारी हा छंद सोडतोय. विंग म्हणजे डोक्यावरचा कापडी पंख, बसायचं हार्नेस, आणीबाणीचा रिझर्व्ह पॅराशूट असा सगळा संच तो मला द्यायला तयार आहे. विंग ईएन या युरोपीय सुरक्षा-चाचणीत बी दर्जाची, नऊ वर्षांची, पण 'फक्त साठ तास उडालेली' आहे म्हणतो. तिच्यावर ६५ ते ८५ किलो असं छापलंय आणि माझं वजन ७२, म्हणजे बरोबर बसतं. व्हिडिओ बघून एखाद्या छोट्या टेकडीवर सुरुवात करावी असं मनात आहे. घेऊ का हा संच? की सरळ हँग ग्लायडिंगच शिकू? आणखी एक, सांगायला लाज वाटते, पण गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. मग हे माझं काम आहे का?

उत्तर : विंग घेऊ नका. नऊ वर्षांचं वय, बी दर्जा हे मुद्दे पुढे येतीलच, पण त्यांच्याही आधी ही विंग तुम्हाला लहान पडते.

विंगेवर छापलेला आकडा तुमच्या अंगाच्या वजनाचा नसतो. जमिनीवरून जे जे उचललं जातं त्या सगळ्याचं मिळून ते वजन असतं, आणि त्यात विंग स्वतःही धरायची. हिशेब मांडू. विंग साधारण ५ किलो, साधं हार्नेस ५, रिझर्व्ह २, आणि हेल्मेट, बूट, जॅकेट, रेडिओ, पाण्याची बाटली मिळून ४. झाले १६. तुमचे ७२ मिळवले की ८८ किलो. विंगेची मर्यादा ८५. मर्यादेबाहेर विंगेचं प्रमाणपत्र लागू होत नाही, कारण त्या वजनाला तिची चाचणीच झालेली नसते. वजन जास्त झालं की विंग वेगाने उडते, वेगाने उतरते, ज्या वेगाखाली ती स्टॉल होते, म्हणजे तिची उचल तुटते, तो वेगही वाढतो आणि काही बिघडलं तर तिची प्रतिक्रिया जास्त दांडगी असते. उलट वजन फार कमी पडलं तर विंग मऊ राहते, खळबळत्या हवेत लवकर दुमडते आणि वाऱ्यापुढे रेंगाळते. तुमचं एकूण वजन ठरावीक पट्ट्याच्या मधोमध किंवा थोडं वर पडेल अशी विंग शोधा. ७५ ते ९५ किंवा तिच्या आसपासची चालेल. रिझर्व्हवरही कमाल भार लिहिलेला असतो, तोही याच ८८ शी ताडून पाहा.

म्हणजे या संचाचा प्रश्न वजनकाट्यावरच मिटला. पण एकदा का तुम्ही शिकताय हे चार जणांना कळलं की जुन्या विंगा तुमच्याकडे चालत येतील, आणि प्रत्येकीबरोबर 'फार उडालेली नाही' हे वाक्यही येईल. म्हणून जुनी विंग कशी पाहायची ते इथेच सांगतो.

तास हा एकच आकडा नव्हे. विंगेचं कापड म्हणजे पातळ रिपस्टॉप नायलॉन, त्यावर हवा न झिरपू देणारा लेप. या लेपाचा मोठा शत्रू ऊन. हवेत साठ तास उडालेली विंग टेक-ऑफवर आणि लँडिंगच्या मैदानात पसरून आणखी दोनशे तास उन्हात पडलेली असू शकते, आणि ते तास कुणी लिहून ठेवत नाही. लेप गेला की कापडातून हवा झिरपते. तपासणी केंद्रात यासाठी छोटं यंत्र असतं. ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते त्यावर मोजतात. नव्या कापडाला कित्येक शे सेकंद लागतात. आकडा खाली खाली येत दहा-पंधरा सेकंदांवर आला की विंग निवृत्त करायची वेळ आलेली असते. घरी करायची ढोबळ चाचणी अशी, की वरच्या पृष्ठाचं पुढच्या कडेजवळचं कापड ओठांना लावून हवा ओढून पाहायची. सहज ओढता आली तर विंग परत करा. नाही ओढता आली तरी लगेच 'चांगली' म्हणू नका, पुढची तपासणी बाकी आहे.

झिरपणाऱ्या कापडाचं नुकसान काय? विंग डोक्यावर नीट पसरलेली दिसते, पण पुढे उडतच नाही. जवळजवळ सरळ खाली बसत जाते. याला डीप स्टॉल म्हणतात. अंगाला लागणारा वारा मंदावतो, ब्रेक (हातांनी ओढायच्या, विंगेची मागची कड खाली आणणाऱ्या दोऱ्या) मऊ लागतात, आणि नवख्याला वाटतं की किती शांत उडतेय! हे जमिनीजवळ घडलं तर सावरायला उंचीच उरत नाही.

त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे दोऱ्या. डायनिमा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या वापरात आणि ओलाव्याने आखडतात. पुढच्या, म्हणजे ए ओळीच्या दोऱ्यांवर भार जास्त, त्यामुळे त्या ताणलेल्या राहतात. मागच्या ओळींवर भार कमी, म्हणून त्या जास्त आखडतात. फरक काही मिलिमीटरचा ते दोनेक सेंटिमीटरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण मागची बाजू खाली ओढली गेली म्हणजे कुणीतरी ब्रेक कायमचा थोडा दाबून धरल्यासारखंच झालं. अशी विंग टेक-ऑफला डोक्यावर यायला कुरकुरते, मागे रेंगाळते, हळू उडते आणि स्टॉलच्या जवळ राहते. कापड उत्तम आणि दोऱ्या बिघडलेल्या, असंही होतं. केव्लारच्या दोऱ्यांचा त्रास वेगळा. त्या आखडत नाहीत, पण एकाच जागी पुन्हापुन्हा वाकल्या की आतून तुटतात आणि वरचं आवरण तसंच शाबूत दिसतं. तेव्हा अट एकच घाला : कापडाची झिरप, प्रत्येक दोरीची लांबी आणि नमुन्यादाखल दोऱ्यांची ताकद मोजलेला ताजा अहवाल. विकणारा म्हणाला की 'कशाला उगीच', तर त्याला तुमच्या खर्चाने तपासायची तयारी दाखवा. तरीही नकार आला तर तेच उत्तर समजा.

बाकी नाक वापरा. पिशवी उघडताच कुबट वास आला तर विंग ओली भरून ठेवलेली होती. कप्प्यांत वाळू सापडली तर ती शिवणी कापत असते. समुद्राच्या पाण्यात पडलेली विंग धुतली होती का, हे विचारा. रिझर्व्ह कधी घडी केला त्याची नोंद मागा. घडी साधारण सहा महिने ते वर्षभरात पुन्हा करायची असते, आणि बहुतेक उत्पादक रिझर्व्हचं आयुष्य दहा वर्षं धरतात. तुमच्या सहकाऱ्याच्या रिझर्व्हचं शेवटचं वर्ष चालू आहे असं समजायला हरकत नाही.

आता दर्जाचं. ईएन चाचणीत अनुभवी पायलट शांत हवेत विंग मुद्दाम दुमडतो, स्टॉल करतो, आणि मग ती किती वळते, किती पुढे झेपावते, पायलटाने काहीही न करता किती वेळात सावरते हे पाहून ए, बी, सी, डी असा दर्जा ठरतो. ए सर्वांत क्षमाशील, डी स्पर्धेच्या अंगाची. बी हा फार मोठा गट आहे. त्याच्या तळाला ए ची बहीण शोभेल अशी विंग असते आणि टोकाला जवळजवळ सी. आणि चाचणी शांत हवेत झालेली असते हे विसरू नका. दुपारच्या खवळलेल्या हवेत ए विंगही दुमडते. ए घेतली तर लोक 'शिकाऊ' म्हणतील, ही काळजी बरेच जण करतात. आजची ए विंग एक मीटर उंची खर्चून आठ-नऊ मीटर पुढे जाते, थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, तासन् तास टिकते. पहिली दोन-तीन वर्षं ती अपुरी पडत नाही. पडला तर हातच अपुरा पडतो.

व्हिडिओ बघून टेकडीवर सुरुवात करायचा बेत मात्र पूर्ण सोडा. छोटी टेकडी सुरक्षित वाटते, कारण उंची कमी. पण बहुतेक चुका पहिल्या आणि शेवटच्या वीस मीटरांतच होतात, आणि छोट्या टेकडीवर तेवढीच उंची असते. शिवाय ती टेकडी कुठल्या दिशेच्या वाऱ्याला चालते, मागे रोटर, म्हणजे हवेचा भोवरा, कुठे बनतो, हे व्हिडिओतला माणूस तुम्हाला सांगू शकत नाही. वारा पाण्यासारखा वाहतो. खडकाच्या मागे पाणी जसं भोवरा घेतं तसं कडा, झाडांची रांग, इमारत यांच्या मागे हवा उलटीसुलटी फिरते. अडथळ्याच्या उंचीच्या पाच-दहा पट अंतरापर्यंत तिचा त्रास असू शकतो. दहा मीटरच्या झाडामागे पन्नास ते शंभर मीटर! त्या हवेत विंग दुमडली तर कौशल्य उपयोगी पडेलच असं नाही.

शाळा निवडताना जाहिरात पाहू नका, एक दिवस पाहा. पैसे न भरता मैदानाच्या कडेला बसा. एका प्रशिक्षकाकडे किती शिकाऊ आहेत? टेक-ऑफला एक आणि लँडिंगला दुसरा, दोघांकडे रेडिओ, अशी रचना आहे का? शिकाऊंना वजनाप्रमाणे विंग देतात की जी हाताशी असेल ती? आणि सगळे तयार असताना वारा बिघडला तर 'आज नाही' म्हणायची हिंमत तिथे आहे का? महिन्याभरात किती दिवस रद्द झाले हे विचारा. 'एकही नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्याला नमस्कार करून घरी या. प्रमाणपत्राची व्यवस्था देशोदेशी वेगळी असते. एफएआय या हवाई क्रीडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पॅराप्रो नावाची पाच पायऱ्यांची चौकट आहे आणि तिच्याशी जोडलेलं आयपीपीआय कार्ड परदेशात उडताना दाखवता येतं. तुमच्या शाळेचं प्रमाणपत्र या चौकटीत कुठे बसतं, हे सुरुवातीलाच विचारून ठेवा.

शाळेत पहिले दिवस तुम्ही उडणार नाही. सपाट मैदानात विंगेशी झटापट कराल. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात आणि पुष्कळ जण ते कंटाळून उरकतात. पुढच्या टेक-ऑफच्या सगळ्या चुकांचं मूळ इथेच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोकळं मैदान, वाऱ्याच्या बाजूला अडथळा नाही, वारा ताशी १० ते १५ किलोमीटर आणि एकसारखा. विंग घोड्याच्या नालेच्या आकारात पसरायची. मधला भाग तुमच्यापासून सर्वांत लांब ठेवायचा म्हणजे तो आधी ताणला जातो, आधी भरतो, आणि टोकं मागाहून येतात. सरळ रेषेत पसरली तर टोकं आधी वर येऊन एकमेकींवर आपटतात. दोऱ्या हाताखालून काढत गाठ, काडी, गवत पाहायचं. मग विंगेकडे तोंड करून उभं राहायचं. रायझर, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, एकमेकांवरून ओलांडलेले असतात. पुढे कुठल्या बाजूने वळायचं ते आत्ताच ठरवा आणि आयुष्यभर तीच बाजू ठेवा. रोज बदलणारा माणूस एक दिवस उलटा वळतो आणि पीळ घेऊन हवेत जातो.

आता ए, म्हणजे पुढचे रायझर बोटांत, ब्रेकच्या मुठी हातात. विंग हातांनी ओढू नका. हार्नेस छातीने-कमरेने मागे रेटा, हात फक्त दिशा दाखवतात. विंग वर येऊ लागली की ए सोडून द्या. नवखे ते धरूनच ठेवतात, मग विंग डोक्यावरून पुढे धावते आणि तिची पुढची कड खाली दुमडते. डोक्यावर पोचायच्या थोडं आधी दोन्ही ब्रेक हलके ओढून तिला थांबवायचं. जास्त ओढले तर ती मागे पडते आणि तुम्हालाही मागे खेचते. विंग एका बाजूला झुकली तर सहज प्रवृत्ती तिला उलट बाजूला ओढायची होते. पण करायचं असतं ते हे, की ज्या बाजूला ती झुकली त्याच बाजूला पावलं टाकून तिच्याखाली जायचं, आणि वर राहिलेल्या बाजूचा ब्रेक किंचित ओढायचा. पाय आधी, हात नंतर. हे एकदा अंगात मुरलं की विंगेकडे बघायचीही गरज उरत नाही, हार्नेसच्या ओढीवरून कळतं.

वारा वाढून विंग फरफटवू लागली तर मागचे रायझर ओढा किंवा एकच ब्रेक हातावर हात टाकत ओढत जा, आणि तिच्या बाजूने धावत वाऱ्याच्या खालच्या अंगाला पोचा. दोन्ही पाय रोवून झुंजलात तर जिंकणार वाराच. हेल्मेट मैदानातही हवं, हातमोजेही हवेत, कारण पातळ दोरी तळहात कापते. असे किमान पंधरा-वीस तास मोजून करा. एका दिवसात नाही, वेगवेगळ्या वाऱ्यांत. पहिल्या दोन दिवसांत खांदे दुखतील ते हातांनी ओढल्यामुळे. दुखणं थांबलं म्हणजे तंत्र बदललं.

मग छोट्या उतारावरून दहा-वीस मीटरच्या उड्या, आणि त्या जमल्या की रेडिओवर प्रशिक्षकाच्या सूचना ऐकत पूर्ण उड्डाणं. टेक-ऑफची एक चूक मुद्दाम ओळखून ठेवा. विंग भरली, तुम्ही धावलात, पाय हलके झाले आणि मन म्हणालं 'उडालो', की शरीर आपोआप खुर्चीत बसतं. तेवढ्यात विंग क्षणभर बसते, कारण वेग अजून पुरेसा नसतो, आणि माकडहाड दगडावर आपटतं. पाय हवेत गेल्यावरही धावत राहा. जमीन चांगली दूर गेल्यावर सावकाश बसा, आणि बसताना ब्रेक सोडून हातांनी सीट ओढू नका, पायांनी जमत नसेल तर हार्नेसच्या मापात खोट आहे.

प्रत्येक टेक-ऑफआधी एका ठरावीक क्रमाने तपासणी : हेल्मेट, मांडीचे दोन आणि छातीचा पट्टा, कॅराबिनर (जोडणारी कडी) आणि रायझर, दोऱ्या आणि विंग, वारा आणि मोकळी हवा. मांडीचे पट्टे विसरून उडालेले लोक हार्नेसमधून निसटून मेले आहेत, आणि त्यात अनुभवीही होते. बहुधा असं होतं, की पट्टे लावलेले असतात, मग वाऱ्याची वाट पाहताना कुणी जॅकेट घालतं, रेडिओ ठीक करतं, पट्टे सोडतं. म्हणून मध्ये काहीही खंड पडला की तपासणी पहिल्यापासून.

वाऱ्याचा एक हिशेब कायम लक्षात ठेवा. त्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १४ चा वारा २० झाला की जोर दुप्पट होतो. तुमची विंग ब्रेक न ओढता ताशी ३५ ते ३८ किलोमीटरने उडते. वारा समोरून तेवढाच झाला की तुम्ही हवेत उभ्या राहता, आणि थोडा वाढला की मागे सरकता, तिथे मघाचा रोटर वाट बघत असतो. डोंगरमाथ्यावर वारा आणखी जोरात वाहतो, कारण चढाला धडकलेली हवा तिथे दाटीने वर सरकते. नवख्यांनी ताशी १५-१८ च्या वर किंवा झुळका-झुळकांत मोठा फरक असताना बसून राहायचं. सरासरी १२ पण झुळूक २५, हा दिवस सरासरी १८ च्या दिवसापेक्षा वाईट. पहिली वीस-तीस उड्डाणं सकाळच्या किंवा संध्याकाळच्या मऊ हवेत होऊ द्या.

ढगांबद्दल थोडक्यात : उंच चढत जाणारा, डोक्यावर ऐरणीसारखा पसरणारा ढग दिसला की तो वीस किलोमीटरवर असला तरी खाली उतरा. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिलाजवळ ईवा विश्निएर्स्का ही जर्मन पायलट अशा ढगात ओढली गेली आणि ९,९४६ मीटरपर्यंत वर गेली. एव्हरेस्टहून उंच. ती बेशुद्ध पडली, तरी विंग उडत राहिली आणि ती वाचली. त्याच दिवशी तिथे ढगात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. दोघेही स्पर्धेच्या दर्जाचे पायलट होते.

हवेत विंगेचा एक भाग दुमडला तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असेलच. ए विंग बहुतेकदा आपण होऊन उघडते. बिघाड होतो तो घाबरून दोन्ही हात खाली ओढल्याने, कारण मग उघडी राहिलेली बाजूही स्टॉल होते. उघड्या बाजूला अंग झुकवा, दिशा सांभाळण्यापुरता त्या बाजूचा ब्रेक हलका ओढा, डोंगरापासून दूर जा, आणि मग दुमडलेली बाजू एका दमदार झटक्याने उघडा. तरीही विंग सावरली नाही तर रिझर्व्ह. त्याच्या चाचणीत खाली येण्याची गती सेकंदाला साडेपाच मीटरपर्यंतच मान्य असते, म्हणजे साधारण दीड मीटरवरून उडी मारल्याइतका धक्का. मूठ कुठे आहे ते प्रत्येक उड्डाणात एकदा हाताने चाचपायचं. टांगलेल्या हार्नेसमध्ये बसून 'पाहा, पकडा, ओढा, फेका' याचा सराव शाळेकडून करून घ्या. फेकायचंच विसरून मूठ हातात घट्ट धरून बसलेले लोक असतात.

लँडिंगचा शेवटचा टप्पा नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. पंधरा-वीस मीटर उंचीवर हार्नेसमधून पाय काढून उभं राहायचं, वेग राखायचा आणि जमिनीपासून मीटरभरावर दोन्ही ब्रेक सावकाश पूर्ण ओढायचे. घाईने आधीच ओढले आणि विंग पुन्हा थोडी वर चढली, तर हात जिथे आहेत तिथेच धरा. चूक सुधारायला हात वर सोडले की विंग पुढे झेपावते आणि तुम्ही लंबकासारख्या जमिनीवर आपटता. जमिनीजवळ पूर्ण वर्तुळ घ्यायचा मोह होईल, टाळा. उंची घालवायची असेल तर मैदानाच्या कडेला आठच्या आकड्यात फिरा, आणि वळताना तोंड मैदानाकडेच असू द्या.

आता हँग ग्लायडिंग. दोन्ही छंद चुलत भावंडं. फ्रान्सिस रोगॅलो यांच्या लवचीक पंखापासून १९६० च्या दशकात आजचं हँग ग्लायडर उभं राहिलं. पॅराग्लायडिंग त्यामानाने धाकटं. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मिउसी गावाजवळ तिघे पॅराशूटवाले विमानाचा खर्च वाचवायला चौकोनी पॅराशूट घेऊन डोंगरावरून धावत सुटले. हँग ग्लायडरला अॅल्युमिनियमची चौकट असते, त्यामुळे पंख दुमडत नाही, वेग आणि वाऱ्यापुढची ताकद जास्त आणि तेवढ्याच उंचीत जास्त लांब जाता येतं. त्याची किंमत म्हणजे वजन २५ ते ३५ किलो, गाडीच्या टपावरून न्यायला लांबलचक नळी, जोडायला अर्धा तास, उतरायला मोठं मैदान, आणि शिकवणाऱ्या शाळा पॅराग्लायडिंगपेक्षा बऱ्याच कमी. तिथेही मांडीच्या पट्ट्याची जुळी चूक आहे. पायलट ग्लायडरला स्वतःला अडकवायचंच विसरतो. म्हणून टेक-ऑफआधी आडवं लटकून तपासणं सक्तीचं. आणि वेगाशी खेळ करायचा नाही हा धडा दोघांनाही सारखाच. हँग ग्लायडिंगचे पूर्वज ओट्टो लिलिएंथाल दोनेक हजार उड्डाणांनंतर ऑगस्ट १८९६ मध्ये स्टॉल होऊनच कोसळले. तुमच्या जवळ हँग ग्लायडिंगची चांगली शाळा असेल आणि पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढण्याची हौस नसेल तर जरूर तिकडे जा. या दोन्ही गोष्टी जुळत नसतील तर पॅराग्लायडिंगच बरं. दोन्ही एकदम सुरू करू नका. हँग ग्लायडरला दांडा पुढे ढकलला की वेग कमी होतो, पॅराग्लायडरला ब्रेक खाली ओढला की. घाबरलेल्या क्षणी हात उलट सवय उचलतात.

पोटातल्या गोळ्याबद्दल लाजू नका. कठड्यावरची भीती ही पायाखालच्या भिंतीवरून नजर जमिनीपर्यंत घसरत जाते त्यातून येते. हवेत असा धागाच नसतो, त्यामुळे अशा अनेकांना उडताना ती जाणवत नाही. टँडममध्ये तुम्हाला टेक-ऑफनंतर कसं वाटलं, ते आठवून पाहा. खात्री नसेल तर आणखी एक टँडम घ्या, पण पायलटला आधी सांगा की शिकायचं आहे, आणि वळताना अंग झुकवून विंग कशी प्रतिसाद देते ते त्याच्याकडून दाखवून घ्या. भीती टेक-ऑफच्या काठावर उरली तर हरकत नाही. टेक-ऑफनंतरही हात ताठ राहत असतील, तर घाई करू नका.

सहकाऱ्याला आज एवढंच कळवा की वजन बसत नाही. त्याचे बूट आणि हेल्मेट तुमच्या मापाचे असतील आणि हेल्मेटला कधी धक्का बसलेला नसेल तर ते घ्यायला हरकत नाही. बूट घोट्याच्या वर येणारे असले तरच, आणि त्यांना लेस अडकवायचे हुक असतील तर तेही नकोत, दोऱ्या त्यांत अडकतात.

शाळा सुरू होईपर्यंत एका काठीला हलकी रिबीन बांधून मोकळ्या जागी रोवा. दिवसातून चार वेळा, सकाळी सात, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाचला, वाऱ्याची दिशा, अंदाजे वेग, झुळका आणि ढगांचा आकार वहीत लिहा. शेजारी हवामान अंदाजातला आकडाही लिहा. दोन आठवड्यांत दिसेल की वारा कितीला उठतो, कितीला दिशा बदलतो आणि अंदाज कुठे चुकतो. वही शाळेत घेऊन जा, पहिल्या दिवशीचा धडा वाऱ्याचाच असतो.